मास्कमधलं पाणी

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तरंगत्या बॉयाला बांधलेली, क्रूझ जहाजावरच्या प्रवाशांची एक स्नॉर्कलिंगची बोट, म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघायला नेणारी. मागच्या शिडीवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसलेली, एक फिन, म्हणजे पोहायचं रबरी वल्हं, पायात आणि दुसरी मांडीवर. "बाबा, आत पाणी येतंय." बाबा खाली, एका हाताने शिडी धरून. "अगं, काही होत नाही. सगळे उतरले बघ." असं म्हणत त्यांनी तिच्या मास्कचा पट्टा ओढून आणखी घट्ट केला. मुलगी उतरली आणि दहा सेकंदांत ठसकत वर आली. पुन्हा पट्टा ओढला गेला, पुन्हा ठसका. तिसऱ्या वेळी तिने मास्क ओरबाडून काढला, बोटीत टाकला आणि टॉवेलमध्ये स्वतःला गुंडाळून पाठ फिरवून बसली. "एवढे डॉलर मोजून..." एवढंच बोलून बाबांनी पुढचं वाक्य गिळलं. नाकावर लाल वळ, भिजलेले मोकळे केस, आणि समोर असं निळं पाणी की बोटीची सावली तळावरच्या वाळूत पडलेली दिसत होती. चाळीस मिनिटांनी बाकीची मंडळी वर आली ती कासव-कासव करत. मुलीने मान वर केली नाही.

ते दृश्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

जात नाही, कारण त्या समुद्रात कुठल्याही दिवशी, कुठल्याही बोटीवर असं एक तरी मूल टॉवेलमध्ये बसलेलं असतं. कधी मूल, कधी आई, कधी आजोबा. समुद्राची भीती हे कारण सगळे सांगतात, पण खरं कारण बहुतेक वेळा घड्याळ असतं. क्रूझवर वेळच वेळ असतो असा समज आहे आणि जहाज भर समुद्रात असतं त्या दिवशी तो खराही असतो. बंदराच्या दिवशी मात्र हिशेब निराळा. जहाज आठला धक्क्याला लागतं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत साडेआठ होतात, लिफ्टपाशी सगळ्या मजल्यांची गर्दी, मग लांबच लांब धक्का, मग जमायची जागा, जबाबदारीच्या कागदावर सह्या, मास्क आणि फिन्सचं वाटप, सूचना. पहिला माणूस पाण्यात पडतो तेव्हा दहा वाजलेले असतात. तीन तासांच्या सहलीत प्रत्यक्ष पाण्यातला वेळ जेमतेम तासाभराचा, आणि तोही दोन जागांत वाटलेला. जहाजावर परतायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधीची, काही जहाजांवर तासभर आधीची. त्यात आणखी एक मेख आहे. कोझुमेल ज्या किन्ताना रू राज्यात येतं त्याने २०१५ साली आपलं घड्याळ बदललं आणि आता तिथे वर्षभर एकच वेळ असते. फ्लोरिडात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे जातात, तिथे जात नाहीत. त्यामुळे मायामीहून निघालेलं जहाज आपलीच वेळ पाळत असेल, तर उन्हाळ्यात किनाऱ्यावर फोनमध्ये तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. ग्रँड केमन बेटावरही तेच. म्हणून हाताला साधं, काट्यांचं घड्याळ हवं, आणि ते जहाजावरच्या घड्याळाशी लावून घेतलेलं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर थांबत नाही, आणि धक्क्यावरून धावणाऱ्या माणसांना वरच्या डेकवरून टाळ्या मिळतात. हा सगळा ताण शेवटी कुठे उतरतो, तर आठ वर्षांच्या मुलीच्या मास्कच्या पट्ट्यावर.

आणि मास्क ही गोष्ट घाईने बसतच नाही. मास्क चेहऱ्यावर धरून ठेवण्याचं काम पट्ट्याचं नसतंच मुळी. ते काम कडेच्या मऊ सिलिकॉनच्या झालरीचं आणि बाहेरून दाबणाऱ्या पाण्याचं. पट्टा फक्त मास्क जागचा हलू नये म्हणून. तो फार आवळला की झालर दुमडते, तिला चुणी पडते आणि त्या चुणीतून पाणी आत झिरपतं. पाणी आलं म्हणून माणूस आणखी आवळतो, पाणी आणखी येतं. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर यावा. मानेवर घसरला की मास्कची खालची कड उचलली जाते. दाढी एक वेळ चालते, पण मिशा नाकाखालीच झालरीला आडव्या येतात. तिथे व्हॅसलीनचा हात फिरवला की काम भागतं, किंवा नाकाखालची बोटाच्या पेराएवढी पट्टी भादरायची, ज्याची तयारी फार कमी मिशाळ गृहस्थांची असते. हसलं तरी पाणी येतं, कारण गालांना घड्या पडतात. पाण्याखाली पहिला मासा दिसला की माणूस हसतोच, त्यामुळे थोडं पाणी येणार हे धरूनच चालायचं. ते काढायची रीत सोपी आहे. डोकं वर काढायचं, मास्कची खालची कड बोटाने जराशी उचलायची, पाणी गळून जातं. जरा सराव झाला की पाण्यातच मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान थोडी मागे करून नाकाने फुंकायचं. हवा वर साठते आणि पाणी खालून निघून जातं. हे ज्याला जमलं त्याची निम्मी भीती गेली, कारण मग मास्कमधलं पाणी हे संकट उरत नाही, शिंक आल्यासारखी किरकोळ गोष्ट होते.

काच धुरकटते त्याचंही तसंच. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो जाईपर्यंत कुठलाही फवारा मारा, काच धुरकटणारच. निघायच्या आठवडाभर आधी काचेच्या आतल्या बाजूला साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने दोन-तीनदा चोळून धुवायची, मात्र मास्क खऱ्या काचेचा असेल तरच. प्लॅस्टिकला चरे पडतात. बोटीत बसल्यावर बेबी शाम्पूचा पाणी घातलेला एक थेंब, नाहीतर सरळ थुंकी, ती काचभर फिरवायची आणि समुद्राच्या पाण्याने ओझरती विसळायची. घासून धुतलं की केलेलं सगळं वाया. थुंकीला नाक मुरडणारी मंडळी अर्ध्या तासाने धुक्यात पोहत असतात. चष्मेवाल्यांचा प्रश्न वेगळा. चष्म्याची काडी झालरीखालून गेली की मास्क गळणारच, पण लांबचं दिसत नसणाऱ्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने तयार काचा मिळतात. नेमका नंबर मिळाला नाही तर किंचित कमीचा चालतो, कारण पाण्यात सगळंच एक तृतीयांश मोठं आणि पाऊण अंतरावर दिसतं. हे एकदा मुलांना सांगून ठेवावं. वीतभर मासा हातभर होऊन परत येतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचा शार्क झालेला असतो.

मग उरतो श्वास. पाण्यात तोंड घातल्यावर पहिल्यांदा काही दिसण्याआधी ऐकू येतो तो आपलाच श्वास, नळीतून घोंघावत जाणारा, कुणी शेजारी झोपून घोरत असावं तसा. नवखा माणूस त्यालाच घाबरतो आणि भराभर, उथळ श्वास घेऊ लागतो. इथेच बिनसतं. नळी जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटरची असते. त्याहून लांब केली तर शिळी हवा बाहेरच पडणार नाही, आणि खोलवर पाण्याच्या दाबाखाली छाती फुगवता येणार नाही. एवढ्याशा नळीतही सोडलेला श्वास थोडा उरतोच. लांब, सावकाश उच्छ्वास सोडला तरच तो बाहेर ढकलला जातो. भराभर श्वास घेणारा तीच शिळी हवा पुन्हा पुन्हा ओढतो, त्याला गुदमरल्यासारखं होतं, आणि तो म्हणतो नळी खराब आहे. मुलांच्या फुप्फुसांत हवा मावते कमी, म्हणून त्यांना मोठ्यांची जाड नळी देऊ नये. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोयीचे आणि फोटोत छान, पण त्यांच्या पोकळीत शिळी हवा साचू शकते, आणि घाबरलं की ते झटकन निघत नाहीत. मुलांना ते देऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. तसंच जाड लाइफ जॅकेटचं. बेशुद्ध माणसाला उताणं करणं हेच त्याचं काम, मग त्यात मूल पालथं तरंगणार कसं? ते सारखं कासवासारखं उलटतं आणि वैतागतं. तोंडाने फुंकायचं, छातीवर सपाट राहणारं स्नॉर्कलिंगचं जॅकेट अर्धंच फुगवलं की पालथं पडून निवांत बघता येतं. आणि सगळ्यांत उत्तम साधन म्हणजे दोरीची कडी असलेलं साधं रबरी कडं. मूल ते धरून तरंगतं, मोठं माणूस दुसऱ्या बाजूने ओढतं. मुलाला हातपाय मारावे लागत नाहीत, दमछाक होत नाही, आणि आपण शेजारी आहोत हे त्याला न बघताही कळत राहतं.

मुलांना पोहायला लागत नाही, थांबायला लागतं.

थांबलं की रीफ, म्हणजे पाण्याखालचा प्रवाळांचा खडक, आपणहून उघडायला लागतं. आधी नुसता तपकिरी खडक दिसतो आणि माणूस मनात म्हणतो, यासाठी आलो? मग त्या तपकिरीतून जांभळे समुद्री पंखे, पंख्याच्या आकाराची प्रवाळं, सुटे होतात, सगळे एकाच बाजूला झुकत आणि एकाच वेळी परत येत. पिवळे-काळे पट्टे मिरवणारे सार्जंट मेजर मासे अंगावर येतात. ते धीट असतात, खायला मिळेल म्हणून येतात, आणि खायला देऊ नये. पोपटमासे प्रवाळावरचं शेवाळ खरवडताना प्रवाळही चावतात, त्याचा आवाज खडीसाखर फोडल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. खाल्लेला चुना दळून ते मागे पांढरा धूर सोडतात, तीच वाळू. ज्या किनाऱ्यावर लोक आरामखुर्च्या टाकून पहुडतात तो निदान काही अंशी पोपटमाशांनी घातलेला आहे, हे कळल्यावर मुलं दिवसभर हसतात.

आता जागा. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक काळ पूर्वेकडून येतो, म्हणून बेटांच्या पश्चिमेला पाणी शांत. मोठी बंदरंही बरीचशी पश्चिमेलाच आहेत. २०११पासून लोंढ्यांनी येणारं सरगॅसम शेवाळही पूर्वेच्या किनाऱ्यांवर जास्त साचतं. वारा दुपारी वाढतो, त्यामुळे सकाळची पहिली बोट गाठावी, बफेतला दुसरा फेरा सोडून. कोझुमेलला प्रवाह साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. पालांकारसारख्या रीफवर बोट वरच्या अंगाला सोडते आणि खालच्या अंगाला उचलते. त्यात फक्त वाहायचं असतं, पण एखादी गोष्ट नीट पाहायची राहिली तर मागे फिरता येत नाही. मूल पहिल्यांदाच उतरत असेल तर ही जागा नव्हे. त्यासाठी किनाऱ्यावरून चालत उतरता येणाऱ्या जागा बऱ्या. सेंट जॉन बेटाच्या ट्रंक बे या किनाऱ्यावर पाण्याखाली पाट्या लावलेली एक वाटच आहे, पाटी वाचायची, पुढे जायचं. कुरासाव बेटाला बुडालेली टगबोट साधारण पाच मीटरवर आहे, वरून अख्खी दिसते. अरुबा बेटाजवळचं 'अँटिला' हे जर्मन जहाज मे १९४०मध्ये त्याच्याच खलाशांनी बुडवलं. मोठ्या मुलांना तो सांगाडा फार आवडतो, लहानांना खालून वर येणारा काळोखा आकार झोपेत दिसतो. हिवाळ्यात कधी उत्तरेचा वारा सुटतो आणि हे सगळं गणित उलटं होतं. शांत असलेली पश्चिम बाजूच खवळते. ग्रँड केमनला क्रूझ जहाजांसाठी धक्का नाही, छोट्या टेंडर बोटींनी जॉर्ज टाउनला जावं लागतं. समुद्र वाईट असला तर कधी दक्षिणेच्या स्पॉट्सला उतरवतात, नाहीतर कप्तान बेट सोडून पुढे निघतो. तेव्हा चिडण्यात अर्थ नसतो, पण सगळे चिडतात.

त्याच ग्रँड केमनला आजी-आजोबाही पाण्यात उतरतात, कारण नॉर्थ साउंडमधल्या वाळूच्या बांधावर पाणी कमरेएवढंच आहे. तिथे मोठमोठे पाकट मासे माणसांच्या पायांभोवती फिरतात. पूर्वी कोळी त्या शांत पाण्यात येऊन मासे साफ करायचे, टाकलेल्या आतड्या-डोक्यांवर पाकट जमू लागले आणि इंजिनाचा आवाज म्हणजे जेवण हे त्यांना ठाऊक झालं. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून फरफटत न्यायचा, म्हणजे खाली दबून बसलेल्या पाकटावर पाय पडत नाही. काटा शेपटीत असतो आणि तो बहुतेक वेळा अंगावर पाय पडल्यावरच वापरतो बिचारा. त्याची कातडी ओल्या मखमलीसारखी, थंड आणि जराशी बुळबुळीत. आजी आधी किंचाळतात आणि मग तासभर बाहेर यायला तयार नसतात. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं आहे त्यांनी खोल पाण्यातल्या बोटीपेक्षा हाच बांध निवडावा, तिथे दम लागला की नुसतं उभं राहता येतं.

रीफवर मात्र उभं राहायचं नाही, ही एकच गोष्ट घाबरलेला माणूस हमखास करतो. पाय टेकायला मिळतो तो दगड नसतो, जिवंत प्रवाळ असतं, आणि फिनच्या एका फटक्याने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं लागतात. कधी ते आगप्रवाळ असतं, मोहरीच्या रंगाचं, पांढऱ्या टोकांचं. त्याचा चटका बसला तर गोड्या पाण्याने धुवू नये, आग वाढते. समुद्राच्या पाण्याने धुवून व्हिनेगर लावावं. किनाऱ्यावर सावली शोधतानाही झाड बघून बसावं. मँचिनीलच्या झाडाखाली पाऊस पडताना उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात, आणि त्याची हिरवी, सफरचंदासारखी फळं विषारी असतात. पुष्कळ ठिकाणी अशा झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, मुलांना तो ओळखायला शिकवावा.

आणि हे सगळं बघून आनंद होतो, पण तो निखळ राहत नाही. इथल्या रीफचं बरंच काही आधीच गेलेलं आहे. १९८३-८४मध्ये लांब काट्यांचे काळे सी अर्चिन, तळावर शेवाळ चरणारे गोल प्राणी, एका रोगाने नव्वद टक्क्यांहून जास्त मेले, शेवाळ खाणारं कुणी उरलं नाही आणि प्रवाळावर शेवाळाने पांघरूण घातलं. २०१४मध्ये फ्लोरिडात प्रवाळाची ऊती गळून पडण्याचा रोग दिसला, २०१८पर्यंत तो मेक्सिकोच्या किनाऱ्याला पोहोचला. २०२३च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की रीफच्या रीफ पांढरे पडले, म्हणजे मरणाच्या वाटेला लागले. पांढरं प्रवाळ फोटोत सुंदर दिसतं, ही त्यातली क्रूर गोष्ट. मोठी जहाजं आणि त्यातून उतरणारे आपण याच गणितात आहोत. म्हणून अंगाला सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे अंगासरशी बसणारा पोहायचा सदरा, घालावा. अमेरिकी व्हर्जिन बेटांनी तर प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलिन ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर २०२०पासून बंदीच घातली आहे. तसंही ऊन पाठीला आणि गुडघ्यांच्या मागच्या खळग्यांना भाजतं, जिथे हात पोहोचतच नाही. शिवाय रॅश गार्डने थोडी ऊबही राहते. पाणी २६ ते २९ अंशांचं असलं तरी ते हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं. तिसाव्या मिनिटाला मुलांचे ओठ निळे पडतात आणि तरी ती म्हणतात, थंडी नाही वाजत.

संध्याकाळी केबिनच्या न्हाणीत सगळ्या वस्तू गोड्या पाण्याखाली धराव्यात, नाहीतर मिठाने झालर कडक होते. केबिनच्या भिंती पोलादी असतात, लोहचुंबकाचे हूक त्यांना घट्ट चिकटतात, त्यावर ओले कपडे टांगता येतात. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नये, रात्री वारा सगळं घेऊन जातो. आणि पहिल्याच रात्री, बंदर यायच्या आधी, बेसिन पाण्याने भरून प्रत्येकाने त्यात मास्क-नळीसकट तोंड घालावं. हास्यास्पद दिसतं. पण तिथे घड्याळ नसतं, खोली नसते, बघणारं कुणी नसतं, आणि दोन मिनिटं नळीतून श्वास घेतला की छाती आपोआप सावकाश होते.

त्या बोटीवर हे कुणीच केलेलं नसावं. बोट धक्क्याकडे परत निघाल्यावर मास्क गोळा करणारी खलाशी बाई त्या मुलीपाशी आली. मुलगी अजून टॉवेलमध्येच होती. बाईने मास्क उचलला, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग काही न बोलता दोन बोटांनी तिच्या कपाळावरची ओली बट उचलून मागे सारली. दुसरी बट कानापाशी होती, तीही. झालरीखाली एक केस जरी आडवा गेला तरी पाणी त्याच्या कडेने वाट काढतं, आणि इथे दोन बटा होत्या. बाईने पट्टा पुढे, काचेवर उलटा टाकून दिला, मास्क नुसता तिच्या चेहऱ्यावर टेकवला आणि नाकाने श्वास आत ओढायची खूण केली. मुलीने ओढला. बाईने हात काढून घेतला.

मास्क पडला नाही. मुलीने दोन्ही हात बाजूला पसरले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मग खाली वाकून डेकच्या फळ्या बघितल्या. मास्क चेहऱ्यावर तसाच. बाबा समोरच्या बाकावर बसून हातातल्या घड्याळात बघत होते. धक्का पाच मिनिटांवर आला होता.